आधी उजेड, मग रंग

लग्नसराई ओसरली की मला येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. फोटो स्क्रीनवर छान होता, छापून आला तो वेगळाच. त्यातली काही पत्रं या अंकात घेतली आहेत. विट्याच्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातली अडचण जवळपास प्रत्येक छोट्या स्टुडिओची आहे आणि ती दूर करायला विकतचं यंत्र लागत नाही.

ताई, आमचा विट्यात छोटा स्टुडिओ आहे. या सीझनला करिझ्मा अल्बमची पानं लॅबमधून काळपट आली. नवरीचा चेहरा माझ्या स्क्रीनवर चांगला उजळ दिसतो, पानावर मात्र काळवंडलेला आणि लालसर. हळदीच्या फोटोंत मांडवात मागे बसलेली माणसं तर ओळखूच येत नाहीत. लॅबवाले म्हणतात, मॉनिटर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचा उजेड आणि रंग ठरलेल्या प्रमाणाला जुळवून घ्या. त्याचं यंत्र दहा हजारांच्या वर जातं. मॉनिटर २४ इंची आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणाऱ्या प्रकारचा) आहे, ब्राइटनेस ९० वर, कॉन्ट्रास्ट ७५ वर. खोलीला गुलाबी रंग, वर एलईडी ट्यूब. बिनखर्चात काही होण्यासारखं आहे का?
— एक स्टुडिओचालक, विटा, जि. सांगली

होण्यासारखं आहे. तुमच्या पत्रातल्या दोन तपशिलांतच बरंचसं उत्तर आहे: ब्राइटनेस ९० आणि गुलाबी भिंती.

मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये करेक्शनच्या टेबलावर बरीच वर्षं बसले. काळपट फाइली पाठवणाऱ्या स्टुडिओंचा रंग सहसा फारसा चुकलेला नसायचा. चुकलेला असायचा तो उजेड. कारण साधं आहे. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद खोलीतला उजेड परत पाठवतो. तुमच्यासारखा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला साधारण २५० निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) देतो, काही ३०० सुद्धा. उलट ४०० लक्सच्या (लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेडात धरलेला पांढरा फोटोपेपर जेमतेम ११५ निट्सचा भरतो, आणि घरातल्या एका ट्यूबखाली टेबलावर बहुधा ४०० लक्सही नसतात. म्हणजे तुमचा पांढरा कागदाच्या पांढऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त झगझगतो. त्या झगमगाटात चेहरा 'बरोबर' दिसेपर्यंत तुम्ही कर्व्ह (फोटोशॉपमधली फोटो उजळ-गडद करणारी रेघ) खाली ओढता आणि सावलीत काय उरलं ते तुम्हाला दिसत राहतं. लॅबचं मशीन मात्र फाइलमधले आकडे छापतं. त्या आकड्यांत चेहरा आधीच गडद झालेला असतो.

लालसरपणाला भिंती जबाबदार असण्याची शक्यता मोठी आहे. चहूकडे गुलाबी असलं की डोळा त्या गुलाबीला पांढरं मानायला लागतो. मग स्क्रीनवरचा खरा करडा किंचित हिरवट वाटतो आणि तो हिरवा मारायला हात आपोआप मजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे, जातो. तुम्हाला ते कळणारही नाही, कारण तुमच्या खोलीत फोटो अगदी नैसर्गिक दिसत असतो. त्यात त्वचा गडद झाली की तिच्यातला लाल आणखी उठून येतो.

तेव्हा पहिलं काम उजेड मोजण्याचं. त्याचं मीटर तुमच्या गळ्यातच असतं: कॅमेरा. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, लो ब्लू लाइट, व्हिव्हिड, गेम असलं जे काही मेनूत असेल ते बंद करा. विंडोजमधली नाइट लाइट बंद करा. खोलीतले दिवे मालवा. फोटोशॉपमध्ये २५५-२५५-२५५ ने (लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण, म्हणजे शुद्ध पांढऱ्याने) भरलेली कोरी फाइल पूर्ण स्क्रीनभर आणा. कॅमेरा आयएसओ १०० वर, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ ५.६, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्य. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकून फोकस मुद्दाम घालवा, म्हणजे पिक्सेलची जाळी मधे येणार नाही. फ्रेममध्ये पांढऱ्याशिवाय काहीच दिसणार नाही इतके जवळ जा, स्क्रीनला सरळ समोरून, आणि शटरचा आकडा वाचा.

१/६० आला तर तुमची स्क्रीन २३५ निट्सच्या आसपास आहे. १/३० म्हणजे साधारण ११८. १/२५ म्हणजे ९८. १/२० म्हणजे ७८. हे आकडे मीटरच्या नेहमीच्या सूत्रातून येतात: अ‍ॅपर्चरच्या आकड्याचा वर्ग करायचा, १२.५ ने गुणायचा आणि शटरचा वेळ गुणिले आयएसओ यांनी भागायचा. कॅनन आणि निकॉन तो स्थिरांक १२.५ धरतात, पेंटॅक्स १४ धरतं. लेन्सच्या काचांतही थोडा उजेड अडतो. त्यामुळे हे मोजमाप काटेकोर नाही, पण २३५ आणि १०० यांतला फरक ते न चुकता दाखवतं, आणि तुमची अडचण त्याच मापाची आहे.

आता मॉनिटरच्या बटणातला ब्राइटनेस कमी करत जा आणि शटर १/२५ वर आणा. ब्राइटनेसच कमी करायचा, कॉन्ट्रास्ट नाही. ड्रायव्हरच्या पॅनेलमधल्या पट्ट्यांनाही हात लावू नका. त्या पट्ट्या स्क्रीनमागचा दिवा मंद करत नाहीत, चित्राचे आकडेच खाली दाबतात आणि आहेत त्या छटांतल्या काही गमावतात. बहुतेक मॉनिटरांवर हा मुक्काम २० ते ३५ च्या दरम्यान येतो. सुरुवातीला स्क्रीन विझल्यासारखी वाटेल. वाटू द्या. त्याच उजेडात काम करत राहा, डोळा लवकर रुळतो. एसआरजीबी, म्हणजे बहुतेक स्क्रीन आणि लॅब धरतात तो रंगांचा ठरलेला पल्ला, त्याचं मूळ प्रमाण तर ८० निट्सचंच आहे. फोटोचं काम करणारे ८० ते १२० च्या मधे कुठेतरी राहतात.

उजेड बसला की सावल्या तपासा. काळी फाइल घ्या आणि त्यात ओळीने छोटे चौकोन भरा: २, ४, ६, ८, १०, १५, २०. अंधाऱ्या खोलीत ८ किंवा १० चा चौकोन काळ्यापासून वेगळा दिसलाच पाहिजे. २० पर्यंत सगळं एकच काळं दिसत असेल तर मांडवात मागे बसलेली ती माणसं तुमच्या स्क्रीनवरच गायब आहेत. अशा वेळी केबल एचडीएमआय असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये बघा. कार्ड कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजतं आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढाच पल्ला पाठवतं. तिथे 'फुल' निवडायचं. चुकीच्या जोडीत काळे गिळले तरी जातात किंवा राखाडी तरी होतात. पांढऱ्याकडेही असंच करा: पांढऱ्या फाइलवर २५३, २५०, २४७, २४४. २५० चा चौकोन दिसत नसेल तर कॉन्ट्रास्ट थोडा उतरवा. नवरदेवाच्या पांढऱ्या उपरण्याची घडी या चार चौकोनांत असते.

मग गॅमा, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती उजळ दिसतात ते ठरवणारा आकडा. यासाठी मला फार आवडणारी चाचणी आहे आणि ती तुम्ही स्वतः बनवू शकता. ४०० बाय ४०० पिक्सेलची फाइल घ्या आणि एक ओळ काळी, एक ओळ पांढरी अशा आडव्या, एकेका पिक्सेलच्या रेघांनी पूर्ण भरा. मधोमध १८६ च्या करड्याचा चौकोन ठेवा. फाइल १०० टक्क्यांवर उघडा. मॉनिटर त्याच्या मूळ रेझोल्यूशनला हवा, विंडोजचं स्केलिंग १०० टक्के हवं. आता खुर्ची मागे सारा आणि डोळे बारीक करून बघा. रेघा एकमेकींत मिसळून एक करडा तयार होतो. निम्मे पिक्सेल पूर्ण पेटलेले आणि निम्मे विझलेले, म्हणजे तो करडा बरोबर अर्ध्या उजेडाचा असतो, मॉनिटर कुठलाही असो. गॅमा २.२ असेल तर १८६ चा उजेडही अर्धाच भरतो, म्हणून मधला चौकोन रेघांत विरघळून जातो. चौकोन गडद उठून दिसला तर गॅमा जास्त, फिकट दिसला तर कमी. मॉनिटरच्या मेनूत १.८, २.०, २.२, २.४ असे पर्याय असतात, त्यांतला चौकोन विरघळवणारा निवडा. पर्यायांना आकड्यांऐवजी 'मोड १, मोड २' अशी नावं असली तरी पद्धत तीच. मेनूत काहीच नसेल तर विंडोजच्या स्टार्टमध्ये डीसीसीडब्ल्यू ही चार अक्षरं इंग्रजीत टाइप करा. विंडोजचं स्वतःचं कॅलिब्रेशन उघडतं आणि त्यात गॅमाची पट्टी असते.

त्याच साधनात पुढे लाल-हिरव्या-निळ्याच्या पट्ट्या येतील. त्या आहेत तशा राहू द्या, असं मी आग्रहाने सांगते. डोळा दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर फार बारीक फरक ओळखतो, पण एकट्या पांढऱ्याला तो पाच मिनिटांत सरावतो. पिवळट पांढराही पांढरा वाटतो, निळसरही. म्हणून मॉनिटरचं कलर टेम्परेचर (पांढरा किती पिवळट की निळसर ते ठरवणारा आकडा) ६५०० के, म्हणजे केल्विन, वर ठेवा. तसा आकडा नसेल तर 'वॉर्म' किंवा 'नॉर्मल' यांतलं जे कमी निळं असेल ते घ्या आणि थांबा. कॅमेऱ्याने रंगही मोजता येईल असं तुम्हाला वाटेल. तो मोह टाळा. एलईडी बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्याचा) प्रकाश सेन्सरला आणि डोळ्याला सारखा दिसत नाही. उजेडासाठी कॅमेरा विश्वासाचा, रंगछटेसाठी नाही.

खोलीचं म्हणाल तर सगळं घर रंगवू नका. मॉनिटरच्या मागची आणि तुमच्या पाठीमागची अशा दोन भिंती फिक्या करड्या केल्या तरी पुष्कळ झालं. तेवढंही नको असेल तर करडं जाड कापड टांगा. ट्यूब ६५०० केची असेल, आपल्याकडे बहुतेक घरांत तीच असते, तर ती चालेल. फक्त तिचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडता कामा नये. डेस्कटॉपवर देवाचा किंवा मुलांचा फोटो असेल तर काम करताना तिथे साधा करडा ठेवा. भडक शर्ट घालून रंगाचं काम करू नका, तो स्क्रीनमध्ये उमटतो.

शेवटी खर्चाची एकच गोष्ट: एक ८ बाय १२ चा प्रिंट. एका फाइलमध्ये उजळ आणि सावळा असे दोन चेहरे घ्या, हळदीने माखलेला हात, हिरवा चुडा, पांढरं धोतर, आणि खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्याच्या पायऱ्या. एसआरजीबीमध्ये जेपीईजी करा आणि लॅबला स्पष्ट सांगा, 'करेक्शन नको.' नाहीतर मशीनवरचा माणूस किंवा त्याचं सॉफ्टवेअर आपल्या परीने सुधारणा करेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. प्रिंट आला की तो खिडकीपाशी, थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात धरा आणि स्क्रीनशी ताडून बघा. प्रिंट अजूनही गडद वाटला तर ब्राइटनेस आणखी थोडा उतरवा. पण प्रिंटवर लालसर झाक आहे म्हणून मॉनिटर लाल करू नका. आधी करड्या पायऱ्या बघा. त्यांच्यावर झाक असेल तर ती कागदाची किंवा मशीनची आहे. तो प्रिंट घेऊन लॅबमध्ये जा, पायऱ्यांवर बोट ठेवून दाखवा आणि त्यांच्या पेपरचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागा. चांगली लॅब ते देते. फोटोशॉपच्या 'प्रूफ सेटअप'मध्ये ते लावलं की छपाईत काय होणार आहे ते आधी दिसतं.

आम्ही येवल्यात पैठणीचं दुकान चालवतो आणि मोबाइलवर फोटो पाठवून विकतो. मोरपिशी आणि जांभळ्या साड्यांचा रंग फोटोत कधीच खरा येत नाही. गिऱ्हाईक साडी परत पाठवतं. लॅपटॉपचा मॉनिटर कॅलिब्रेट केला तर हे थांबेल का?
— एक दुकानदार, येवला

पूर्ण थांबणार नाही आणि तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. गाठोडं मोठं आहे, त्यातला मॉनिटरचा वाटा लहान.

पहिली गोष्ट रेशमाची. मोरपिशी रंग निळ्या-हिरव्याच्या ज्या टोकाला असतो, तिथेच एसआरजीबी सगळ्यात तोकडं आहे. गडद, तेजस्वी मोरपिशी त्यात मावतच नाही, तो काठावर आणून ठेवला जातो आणि थोडा निळा, थोडा मळका दिसतो. त्यातून स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' (एनटीएससी हे रंगांचा पल्ला मोजायचं जुनं प्रमाण) असं लिहिलेलं असेल तर ती स्क्रीन एसआरजीबीसुद्धा पूर्ण दाखवू शकत नाही. कॅलिब्रेशन स्क्रीनवर आहेत ते रंग जागेवर आणतं, नसलेले रंग निर्माण करत नाही. शिवाय धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. कोन बदलला की रंग बदलतो. त्याला एक 'खरा' फोटो असूच शकत नाही. पदर सपाट ठेवून एक, निऱ्या पडलेल्या असताना एक, आणि हातात घेऊन हलवतानाची छोटी चित्रफीत, हे तिन्ही पाठवा.

दुसरी गोष्ट दिव्याची, आणि माझ्या मते तुमच्याकडचा खरा चोर इथे आहे. दुकानातल्या साध्या एलईडीत गडद लाल कमी असतो. त्याखाली जांभळ्यातला लाल बुडतो आणि साडी निळी दिसते. कुंकवाचा लाल, डाळिंबी, सगळ्यांचं हेच होतं. खिडकीच्या सावलीतल्या उजेडात फोटो काढा. ते जमत नसेल तर ९० च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) असलेला दिवा आणा, खोक्यावर आकडा छापलेला असतो. दोन प्रकारचे उजेड एकत्र नकोत.

व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे त्या उजेडात पांढरं कशाला मानायचं ते ठरवण्यासाठी, पांढरा कागद वापरू नका. छपाईच्या कागदात चमक आणणारं द्रव्य असतं, ते निळसर पांढरं असतं आणि त्यावर बॅलन्स घेतला की सगळे फोटो पिवळट होतात. करडं कार्ड काही शे रुपयांत मिळतं. त्याहून स्वस्त हवं असेल तर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्या आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एकावर एक बरेच थर द्या. टेफ्लॉन सगळे रंग जवळपास सारखेच परत पाठवतं, त्यामुळे त्याचा पांढरा खरोखर तटस्थ असतो. साडीशेजारी तो तुकडा ठेवून पहिला फोटो काढा आणि एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्यावर टेकवा. तो फार उजळून २५५ ला टेकलेला नसला पाहिजे, एवढं बघा. तीच व्हाइट बॅलन्स त्या बैठकीतल्या सगळ्या साड्यांना लावा.

आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर आपला ताबा नाही. बरेच अ‍ॅन्ड्रॉइड फोन मुळातच 'व्हिव्हिड' मोडवर येतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांना रंगाचं वर्णन शब्दांतही लिहून पाठवा: 'मोराच्या मानेसारखा, हिरव्याकडे झुकणारा.' साडी घेणाऱ्याला ते नेमकं कळतं.

आमचा रत्नागिरीत फोटोग्राफरांचा छोटा गट आहे. सगळ्यांनी मिळून एक कॅलिब्रेटर घ्यावा असा विचार आहे. घ्यावा का? जुना, सेकंडहँड चालेल का? फुकट सॉफ्टवेअर आहे का?
— गटातर्फे, रत्नागिरी

जरूर घ्या. भिशीसारखं ठरवा, यंत्र दर महिन्याला एकेकाकडे फिरतं राहील. एवढ्या पैशांत तुमच्या सगळ्यांचे मॉनिटर एकमेकांशी जुळतील, आणि माझ्या अनुभवाने एका महागड्या मॉनिटरपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत: डेटाकलरचे स्पायडर आणि कॅलिब्राइटचे डिस्प्ले. एक्स-राइटची फोटोग्राफरांसाठीची यंत्रं २०२१ पासून कॅलिब्राइट नावाने येतात. सेकंडहँड घ्यायचं तर एक्स-राइटचं आय-वन डिस्प्ले प्रो किंवा कलरमंकी डिस्प्ले शोधा. दुसरं थोडं हळू मोजतं, बाकी भाऊ-भाऊच. त्याआधीच्या पिढीतली, म्हणजे आय-वन डिस्प्ले २, स्पायडर २, स्पायडर ३ यांसारखी यंत्रं कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. त्यांच्यातले फिल्टर वयाबरोबर उतरतात आणि यंत्र ठामपणे चुकीचे आकडे देतं.

सॉफ्टवेअर फुकट आहे आणि उत्तम आहे: डिस्प्लेकॅल. ते ग्रेम गिल यांच्या अर्गिलसीएमएस या रंगमोजणीच्या सॉफ्टवेअरवर चालतं. मूळ डिस्प्लेकॅलचं काम थांबलं, पण पायथन ३ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर बेतलेली त्याची नवी आवृत्ती इतरांनी चालू ठेवली आहे. तीच उतरवून घ्या. यंत्राबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नसलेले बारकावे यात मिळतात.

गटाने एकच लक्ष्य ठरवा आणि सगळ्यांनी तेच पाळा: पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा, सुमारे ६५०० केचा), उजेड १०० निट्स, गॅमा २.२. सॉफ्टवेअर बॅकलाइटचा प्रकार विचारेल. साधा पांढरा एलईडी आणि वाइड गॅमट (जास्त रंग दाखवणारा) यांत गल्लत करू नका, मोजमाप तिथेच घसरतं. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, किंचित मागे कलवा म्हणजे यंत्र स्क्रीनला सपाट टेकेल. सुरुवातीला सॉफ्टवेअर लाल, हिरव्या, निळ्याच्या पट्ट्या दाखवतं. त्या मॉनिटरच्या बटणांनी जमतील तितक्या मध्यावर आणा. इथे घाई करू नका. मॉनिटरने केलेली दुरुस्ती सहसा स्वच्छ असते, ग्राफिक्स कार्डावर टाकलेली मोठी दुरुस्ती आभाळाच्या फोटोंत पट्टे उमटवते. मग बाकीचं यंत्राला करू द्या. शेवटी पडताळणी चालवा. सरासरी डेल्टा ई (हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यांतला फरक) २ च्या खाली आली की छपाईच्या कामाला निश्चिंत राहा.

एक वही ठेवा. तारीख, कोणाचा मॉनिटर, ब्राइटनेसचा आकडा, मोजलेले निट्स. वर्षभराने दिवा किती उतरला ते त्यात दिसेल. आणि तुमच्या कोकणातल्या पावसाळ्यात यंत्र बॅगेत तसंच टाकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, लेन्स ठेवता तसं.

माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे, त्याला ब्राइटनेसशिवाय बटणंच नाहीत. माझ्याच मॉडेलचं कॅलिब्रेटेड प्रोफाइल इंटरनेटवर मिळालं. ते टाकलं तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

नको. ते प्रोफाइल दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर, त्याच्या ब्राइटनेसला मोजलेलं आहे. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅनेल बसवलेले असू शकतात, आणि त्यात साठवलेली दुरुस्ती तुमच्या स्क्रीनवर नवा बिघाड करू शकते.

तुमच्यासाठी वरची कॅमेऱ्याची आणि रेघांची पद्धत पुरेशी आहे. आधी स्क्रीन मागे-पुढे कलवून बघा. करडा रंग कोनाबरोबर उजळत-काळवंडत असेल तर पॅनेल टीएन या स्वस्त प्रकारचं आहे. मग बिजागरीवर पेन्सिलने खूण करा आणि प्रत्येक वेळी त्याच कोनात, डोळे त्याच उंचीवर ठेवून बसा. रंगाचा शेवटचा निर्णय करताना कुणाचा आयफोन मिळाला तर त्याचं ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद करून तोच फोटो शेजारी उघडा. त्याचा पांढरा कारखान्यातूनच ६५०० केच्या जवळ असतो. सॅमसंग असेल तर स्क्रीन मोड 'नॅचरल' करा. पुढेमागे पैसे जमले तर नवा लॅपटॉप घेण्याआधी एक साधा आयपीएस मॉनिटर घ्या.

माझे काही फोटो माझ्या कॉम्प्युटरवर ठीक दिसतात, पण लॅबमधून फिके, मरगळलेले येतात. सगळेच नाही, काहीच. मॉनिटर बिघडला असेल का?
— एक वाचक, जळगाव

मॉनिटरला दोष देण्याआधी त्या फाइलींची नावं बघा. नावाची सुरुवात खालच्या रेघेने, म्हणजे अंडरस्कोअरने होते का? अंडरस्कोअर आणि मग डीएससी किंवा एमजी, असं असेल तर कॅमेऱ्यात त्या वेळी अ‍ॅडोबी आरजीबी (एसआरजीबीपेक्षा मोठा रंगांचा पल्ला) चालू होतं. निकॉन, कॅनन आणि इतर कॅमेरे हीच खूण करतात. लॅबमध्ये आम्ही नाव वाचूनच ओळखायचो. अनेक लॅबची व्यवस्था सगळ्या फाइलींना एसआरजीबी समजते, आणि अ‍ॅडोबी आरजीबीचे आकडे एसआरजीबी म्हणून वाचले की रंग उतरतात. आधी हिरव्या, मग लाल रंगांत ते दिसतं.

कॅमेऱ्याच्या मेनूत कलर स्पेस एसआरजीबी करा. आधीच्या फाइली फोटोशॉपमध्ये 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'ने एसआरजीबीत बदला आणि मग लॅबला पाठवा. त्याच्या शेजारचं 'असाइन प्रोफाइल' वापरू नका. त्याने आकडे तसेच राहतात आणि फोटो तुमच्या स्क्रीनवरही लॅबसारखाच फिका होतो.